अंबूची मांजरं आणि माझा शब्द

मांजराचं मूत कसं काढतात हे दिवाळीच्या अंकात लिहावं का नाही, मला कळत नाही. पण अंकाच्या मंडळींनी सांगितलं, तुमच्या कामाचं लिहा, मोकळं लिहा. आता माझं निम्मं काम तेच होतं, त्याला मी काय करू? ज्यांना किळस येते त्यांनी आधी चिवड्याची बशी संपवावी आणि मग वाचावं.

सोलापुरात, गावाबाहेर, एका ट्रस्टच्या पांजरपोळात मी राखणदार होतो. पांजरपोळ म्हणजे भाकड गाई, म्हातारे बैल, मोडक्या पायाची वासरं यांची मरेपर्यंतची सोय. तिथंच एका खोलीत आम्ही नवराबायको राहायचो. बायकोचं नाव अंबू. ती ह्या चैत्रात काविळीनं गेली. हे आधीच सांगून टाकतो. मधेच सांगायला मला जमणार नाही.

पांजरपोळात मांजराचं खरं तर काही काम नव्हतं. दुष्काळाच्या साली जनावरं इतकी आली की कडब्याला आणि पेंडीला जागा पुरेना. पेंड आली तशी उंदरं आली, उंदरं आली तशी मांजरं आली. मग गावात बोभाटा झाला की पांजरपोळात मांजरं घेतात. आपल्याकडं मांजर मारायला माणूस भितो. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं म्हणतात. सोनं कुठून आणणार? म्हणून नको झालेलं मांजर पोत्यात घालायचं, पोतं आमच्या फाटकाला बांधायचं आणि सायकल दामटत पळायचं. ना काशी, ना पाप.

त्यातलं धडधाकट मांजर आमच्याकडं टिकायचं नाही. आडतवाले, किराणावाले फाटकावरूनच मागून न्यायचे. मागं राहायची ती आंधळी, बहिरी, तुटकी, लुळी. अंबूनं पेंडीच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पडवीत त्यांना जागा केली. लोक तिला मांजरकोठी म्हणायला लागले. सारखी येत-जात होती, मरतही होती. अंबूनं कुणाचं नाव म्हणून ठेवलं नाही. बहिरीला बहिरी, आंधळ्याला आंधळा. मी एकदा म्हटलं, "अगं, एखादं चांगलं नाव ठेव की." तर म्हणाली, "नाव ठिवलं की आपलं व्हतंय. मला नगं." आता ही बाई मांजरांवर जीव टाकत होती का त्यांना टाळत होती, तुम्हीच सांगा. मला चोवीस तास तिच्याजवळ राहून कळलं नाही.

मला स्वतःला मांजर आवडत नाही. कुत्रं बरं. निदान कुत्र्याच्या मनात काय आहे ते शेपटीवरून तरी कळतं.

ट्रस्टचे शेठजी धर्मानं वागणारे. त्यांनी सांगितलं होतं, मांजरांना दूध-भाकरी घाला, कंपाउंडच्या आत मासमच्छी येता कामा नये. चांगलं मांजर दूध-भाकरी खाऊन वर चार उंदरं मारतं, त्याचं भागतं. आंधळ्या-लुळ्यानं काय मारावं? थोड्या दिवसांत त्यांचे केस झडायला लागले, बरगड्या मोजता यायला लागल्या. अंबू डोक्यावर पदर घेऊन शेठजींच्या पुढं उभी राहिली.

"शेठजी, मांजर भाकरीवर जगत न्हाय."

"अंबूबाई, या भिंतीच्या आत ते होणार नाही. माझ्या आजोबांनी बांधलेली भिंत आहे ही."

"भिंतीच्या आत न्हाई म्हनलासा न्हवं?"

शेठजी चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात सुरू झाली. उन्हं उतरली की मी आणि अंबू मांजरं टोपल्यांत भरायचो, फाटकातून बाहेर काढायचो आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, बाभळीखाली एकेक मांडायचो. अंबू खाटकाकडून फोपसं, म्हणजे बोकडाची फुप्फुसं, आणायची. तो खाटीक तिला म्हणायचा, "ले जाव भाभी, फोकट में ले जाव. लंगडी बिल्लियों की दुआ बडी होती." तिथं त्यांचं जेवण व्हायचं, तोंडं पुसायची, की परत टोपल्यात आणि परत आत. शेठजींची गाडी त्या वेळी आली तर ते फाटकाच्या अलीकडंच उतरायचे आणि इतक्या मोठ्यानं खोकायचे की गाई दचकायच्या. आम्ही टोपल्या झाकायचो. मग ते आत यायचे आणि विचारायचे, "दूध-भाकरी चाललीय ना व्यवस्थित?" अंबू म्हणायची, "व्हय, शेठजी." मांजरं ओठ चाटत बसलेली. शेठजींना त्या भिंतीमागं काय चालतं ते ठाऊक होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्यांना राग येत होता का बरं वाटत होतं, ते त्यांच्या खोकल्यावरून कधी समजलं नाही.

आता थोडं कामाचं सांगतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

बहिरं मांजर बहुतेक पांढरं असतं. त्याला मागून हात लावायचा नाही, फाडून ठेवतं. आधी जमिनीवर पाय आपटायचा, त्याला तळव्यातून कळतं कुणीतरी आलं. तीन पायांचं मांजर धावण्यात मागं राहत नाही, लोक उगीच कीव करतात. त्याची अडचण दुसरीच. मागचा पाय तुटलेला असला तर त्या बाजूचा कान खाजवता येत नाही. कान खाजला की तुटका खुंट नुसता हवेत हलतो आणि मांजर तोंड वाकडं करून बसतं. मग आपण जाऊन तो कान खाजवायचा. आमच्याकडं असं एक होतं, तिनपाया. अंबू पाणी भरता भरता थांबायची, घागर काखेत तशीच, आणि त्याचा कान खाजवून पुढं जायची.

आंधळ्याची गोष्ट जरा मोठी आहे. उजनीच्या धरणात ज्यांची गावं जाणार होती, त्यातला एक म्हातारा एसटीनं आला. धोतराच्या सोग्यात एक बोका गुंडाळलेला, दोन्ही डोळ्यांत सारा, पांढरा पडदा, पडलेला. म्हातारा फाटकातच बसला.

"जुन्या घरात त्येला खांब न् खांब ठावा हुता," म्हणाला. "नव्या वसाहतीत पत्र्याचं खोपाट दिलंय. दिसंल तितं डोकं आपटून घ्यायलाय. रगात निघतंय. मला बघवत न्हाय."

अंबूनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "बाबा, तुमचं जुनं घर कसं हुतं? दारातनं आत आलं की चूल कुटल्या हाताला?"

म्हाताऱ्यानं सांगितलं. डाव्या हाताला चूल, तिच्याम्होरं उतरंड, मधी दोन मेढी, उजव्या कोपऱ्यात जातं. अंबूनं पडवीच्या एका अंगाला ते सगळं मांडलं. चुलीच्या जागी तीन दगड, मेढींच्या जागी दोन वासे रोवले, जात्याच्या जागी फुटकी कुंडी उपडी घातली. बोक्याला सोडला. तो थांबला, मिशा हलवल्या, पहिल्या मेढीला अंग घासलं, आणि सरळ चालत जाऊन तीन दगडांच्या मधे बसला. म्हातारा तोंडात सोगा घालून रडायला लागला. आंधळ्या मांजराचं काम एवढंच असतं. एकदा मांडलेलं हलवायचं नाही. पण पुढं तो म्हातारा अधूनमधून यायचा, बोक्याकडं बघायचाही नाही, त्या दोन वाशांच्या मधे मांडी घालून घटकाभर बसायचा आणि जायचा. मांडलं कुणासाठी आणि उपयोगाला आलं कुणाच्या, मला तर उमगेना.

आणि लोळणी.

लोळणी ही एक करडी मांजरी. टांग्याचं चाक कमरेवरून गेलेलं. पुढचे पाय ठणठणीत, मागचे दोन्ही ओढत चालायची, म्हणून लोळणी. आली तेव्हा पोट टम्म. वासरं तपासायला जनावरांचे डॉक्टर यायचे, त्यांना अंबूनं दाखवली. त्यांनी पोट चाचपलं.

"लघवी तुंबलीय. कण्यातली शीर गेली, आता तिला स्वतःहून होणार नाही. हातानं काढावी लागेल. रोज दोन वेळा, जन्मभर. नाहीतर मी एक सुई टोचतो, सुटेल बिचारी."

अंबू म्हणाली, "जन्मभर म्हंजे कुणाच्या जन्मभर, डाक्टर? तिच्या का माज्या?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. मग त्यांनी एकदा करून दाखवलं. मांजर उभं धरायचं, एका हातानं पोट खालून घ्यायचं. आत लिंबाएवढी पिशवी लागते. ती बोटांत धरून हळूहळू शेपटाकडं दाबायची. जोरात दाबली तर आत फुटते आणि मांजर मरतं. भिऊन दाबली तर निम्मं आत राहतं, ते सडतं, ताप येतो आणि मांजर मरतं. मधलं जे काही आहे ते सांगून येत नाही. अंबूच्या हाताला ते पहिल्याच दिवशी आलं.

आणि त्या दिवसापासून अंबू बांधली गेली. तिचं माहेर वळसंग, म्हणजे काही विलायत नाही. पण एक रात्र म्हणून ती मुक्कामाला गेली नाही. तिच्या भावाच्या, मल्लूच्या, मुलीचं लग्न निघालं तेव्हा मी म्हटलं, तू जा, मी बघतो लोळणीकडं. नवं लुगडं नेसून गेली. मी हात लावला तर मांजर चावलं, मुताचे चारच थेंब निघाले. दुपारी बघतो तर अंबू फाटकात. हळदीला पोचायच्या आधीच, निम्म्या वाटेतून परत. मला म्हणाली, "मला ठावंच हुतं." लुगड्यासकट खाली बसली आणि लोळणीला घेतलं. अंबू मांजरांशी कानडी बोलायची. मला कानडी येत नाही, "बा बा" म्हणजे ये ये, एवढंच. पण त्या दिवशी ती मराठीत बोलली, मला ऐकू यावं म्हणून असेल. "मेले, तुज्यापायी माजं म्हायेर तुटलं." आणि बोटं मात्र अशी हळू, की मांजर घुरघुरत होतं.

काविळीत ती खाटेवर पडली तेव्हा मला शिकणं भाग पडलं. मी खाटेशेजारी जमिनीवर बसायचो, ती वरून सांगायची. "आजून खाली. आवो पोटाकडं नगं, शेपटाकडं. मांजर हाय ती, कणीक न्हवं." चार-पाच दिवस असे गेले. मग ती बडबडायला लागली, सगळं कानडीत. मी नुसता 'हो हो' म्हणत होतो. काहीतरी मागत होती. काय मागत होती ते विचारायला जवळ कानडी जाणणारं कुणी नव्हतं. मल्लू आला तो ती गेल्यावर.

तिला पोचवून आलो. आंघोळ झाली, लिंबाचा पाला चावला, माणसं ओसरीवर बसली. माझी लेक सुमन, मोहोळला दिलेली, तिचं पोर मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेली. आणि मागून लोळणी ओरडायला लागली. सकाळपासून कुणी तिच्याकडं बघितलंच नव्हतं. मी उठलो. शेजारची एक बाई म्हणाली, "आवो, आज तरी ऱ्हाऊ द्या." तिला काय सांगू? मी आत जाऊन लोळणीला उभी धरली, बोटं घातली, आणि धार लागली. नीट, सरळ, शेवटपर्यंत. माझ्या हातून पहिल्यांदा तशी लागली. मी खाटेकडं वळून म्हटलं, "बघ." खाट तर अंगणात धुऊन उभी केलेली.

बायको गेली त्या दिवशी मी रडलो नाही, मांजराचं मूत काढलं, असं लोक बोलले. बरोबरच बोलले.

आता दहाव्याचं सांगतो. सगळा घोळ तिथं झाला.

पिंड ठेवला. कावळे होते, नाही असं नाही, समोरच्या लिंबावर रांगेनं बसलेले. पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. सगळ्यांना माहीत आहे, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी अडकलंय. मल्लू पुढं झाला, हात जोडले. "अक्का, दाजींची काळजी करू नगंस. आमी हावोत." कावळे गप्प. सुमन म्हणाली, "आई, अण्णांना मी मोहोळला नेते, माझ्यापाशी ठेवते." एक कावळा उडाला आणि परत तिथंच बसला.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिचं काय अडकलं असणार हे सांगायला का जोशी लागतो? मी पुढं गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "अंबू, तुझी मांजरं मी सांभाळतो. लोळणीचं दोन्ही वेळा काढीन. मी जिवंत असेपर्यंत."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आता येतोच कावळा, असं मला इतकं वाटलं की मी मागं सरकून जागासुद्धा केली.

नाही आला.

मी परत म्हटलं. नाही आला. भटजी घाम पुसायला लागले, दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारायला लागले. मल्लू माझ्या कानाशी आला. "दाजी, उलटं बोलून बगा की."

"काय उलटं?"

"अक्काचा जलम ग्येला त्येंच्यात. माज्या पोरीच्या लग्नाला आली न्हाई. कटाळली नसंल कशावरनं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण समोर पिंड तसाच, सगळे उन्हात उभे, आणि माझ्या डोक्यात ते लुगडं आलं. मी म्हटलं, "अंबू, मांजरं सोडतो. एक ठेवत नाही. तू मोकळी हो."

शब्द तोंडातून पुरता पडला नाही तोवर कावळा खाली. त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा. भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही. माणसांनी "आली, आली, जेवली" म्हणून हात जोडले आणि आंघोळीला पळाली. मी तिथंच उभा. आयुष्यभर जी बाई रोज माझ्या समोर मांजरं घेऊन बसली, तिला मांजरं नको होती? मग कुणाला हवी होती? मला तर कधीच आवडत नव्हती!

पण शब्द गेला होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, चारचौघांत.

मी मांजरं द्यायला लागलो. धडधाकट मांजर मागायला लोक येतात, ही घ्या म्हणून आपण दारोदार जायचं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. बहिरीचं एक भलतंच झालं. शहराच्या पूर्व भागात नरसय्या म्हणून एक यंत्रमागवाला, आमच्याकडून दोनदा चांगली मांजरं घेऊन गेला होता. त्याच्याकडं सुताला कांजी लावलेली असते, तिच्यासाठी उंदीर सूत कुरतडतात. पण माग सुरू झाले की मांजर पळून जायचं. त्या खडखडाटात माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही, मांजर कशाला राहतंय? मी बहिरी घेऊन गेलो. सगळे माग चालू. बहिरीनं आळस दिला, चालत्या मागाखाली सुताच्या ढिगावर जाऊन गोल झाली आणि झोपली.

नरसय्या माझ्या कानात ओरडला, "मामा, ही पळत न्हाई की ओ! काय मंत्र घातलाव?"

"बहिरी हाय," मी ओरडलो.

"काय?"

"बहिरी! बहिरी!"

"मग आमी बी तेच की!" म्हणाला आणि पोट धरून हसला.

तिनपाया एका आडत्यानं नेला. कान खाजवायचं त्याला समजावून दिलं, तो म्हणाला बघू. आंधळ्याला न्यायला तो धरणाचा म्हातारा स्वतः आला. अंबू गेल्याचं त्याला फाटकावर कळलं. बराच वेळ त्या दोन वाशांच्या मधे बसून राहिला. मग म्हणाला, "म्या आता पत्र्याच्या घरात चूल डाव्या हाताला घ्येतलीया. मेढी बी रवल्याती. बाईनं दावलं तसंच. देतासा का त्येला?" दिला.

लोळणी राहिली. तिला कोण नेणार? ज्याला विचारावं तो आधी हसायचा आणि मग नाक धरायचा. मल्लू दर बाजाराला येऊन विचारायचा, "दाजी, शबुद दिलाय न्हवं? अक्का तिकडं अडकून बसंल." रोज सकाळी लोळणीला हातात घेताना मला वाटायचं, मी बायकोला छळतोय. आणि न घेतलं तर मांजर मरणार. तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं?

शेवटी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तेच डॉक्टर होते, आता डोक्यावर केस कमी. मी म्हटलं, "ती सुई टोचा. सुटू दे." त्यांनी सुई भरायला घेतली. मी लोळणीला टेबलावर ठेवलं, पोट हाताला लागलं, तर तुंबलेलं. निघायच्या गडबडीत सकाळचं राहून गेलं होतं. मी बोटं घातली आणि काढायला लागलो.

"अहो, आता कशाला काढताय?" डॉक्टर म्हणाले.

"तुंबलेलं घेऊन जाईल कशी?"

डॉक्टर थांबले. टेबलावरून धार खाली चालली होती. लोळणी डोळे मिटून घुरघुरत होती, नेहमीसारखी. सगळं काढून झालं. मी धोतरानं तिला पुसलं, टोपलीत घातलं आणि निघालो. डॉक्टर सुई हातात धरून उभे. का निघालो ते मला विचारू नका. त्यांनीही विचारलं नाही.

घरी आलो तर दारात सुमन. मला मोहोळला न्यायला आली होती. माझी पिशवी भरून ठेवलेली. टोपली बघून म्हणाली, "हे काय, अण्णा?" मी सगळं सांगितलं. दहाव्याला ती तिथंच होती, तरी परत सगळं सांगितलं. शब्द दिला, कावळा आला, मांजरं दिली, ही राहिली, सुई टोचायला नेली, टोचली नाही. आता तुझी आई अडकलीय आणि मी पण.

सुमननं ऐकून घेतलं. उन्हं उतरली तशी लोळणी ओरडायला लागली. मी बसलो. सुमन बघत होती.

"बोट मागं घ्या, अण्णा. आंगठा मोकळा सोडा."

"तुला काय माहीत?"

"द्या इकडं." तिनं लोळणीला घेतलं. "बा बा," म्हणाली आणि काढायला लागली. अंबूचाच हात.

"कुणी शिकवलं?"

"आईनं. बाळंतपणाला आले होते तवा. रोज सकाळचं माझ्याकडून करून घ्यायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुमी गुरांकडं असायचासा. आन् तुमी इचारलं कुटं?"

म्हणजे अंबूनं पोरीला शिकवून ठेवलं होतं. बाळंतिणीला! मग तिला मांजरं हवी होती. आणि हवी होती तर मी सांभाळतो म्हटल्यावर कावळा का आला नाही? का सांभाळायला मीच नको होतो? मी पोरीकडं जावं, मांजरंही तिकडं जावीत, असं होतं का काही? का पोरीला शिकवलं ते नुसतं एक दिवस आपल्याला माहेरी जाता यावं म्हणून? मी हे सगळं सुमनला विचारलं. ती लोळणीला पुसत होती.

"कावळ्याला भूक लागली आसंल, अण्णा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लोळणीला घेऊन गेली. सासू काय म्हणेल म्हटलं, तर म्हणाली, "म्हणू द्या." मी म्हटलं, मी येत नाही, पांजरपोळ सोडून मला कुठं करमायचं नाही. एसटीत बसवून दिलं. कंडक्टर टोपलीत डोकावून म्हणाला, "कोंबडी का?" सुमन म्हणाली, "आजारी माणूस हाय, नीट हाका." गाडी गेली. तर झालं ना? एकही मांजर उरलं नाही, शब्द पाळला. फाटकात आलो. उन्हं उतरल्यावर माझी बोटं काय करावं ते न कळून नुसती वळवळत राहिली.

चार दिवस बघून येतो म्हणून मोहोळला आलो, तो अजून इथंच आहे. पांजरपोळातलं काम सोडलं. शेठजी निरोपाला आले तेव्हा भिंतीकडं बघत खोकले. हा मजकूर सुमनच्या गोठ्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. लोळणी म्हातारी झालीय, तिला ताप येतो, फार दिवस काढेल असं नाही. सकाळचं सुमन करते, संध्याकाळचं माझ्याकडं. मी शब्द मोडला का पाळला, ते मला ठरवता येत नाही. मल्लू म्हणतो मोडला. शेजारचे गुरुजी म्हणतात पाळला. अंबू मोकळी झाली का नाही, हे कुणाला विचारायचं?

ही मुतकी मांजर घरात नको म्हणून सुमनच्या सासूनं पहिले दोन दिवस जेवण सोडलं होतं. आता तीच आतून हाक मारतेय, "आवो पावनं, ती बया कवाधरनं वरडायलीय. लिव्हनं ठिवा की आन् या!"

अंबूला काय हवं होतं ते मला ठाऊक नाही. हिला काय हवंय तेवढं कळतं. जातो.